गल्ल्यावर फासे ठेवावेत का? दोन्ही सहा पडले तर बिल माफ

खारीवावचा_बाळ · रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण या पंधरवड्यात निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सगळं सांगतो.

बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं छोटं दुकान आहे. बाबांनी २००१ साली सुरू केलं. सेव-उसळ, साबुदाणा वडे, थालीपीठ, शनिवार-रविवार मिसळ. आठ टेबलं. सकाळी गर्दी असते, संध्याकाळी सातनंतरही असते. पण दुपारी तीन ते सहा नुसते पंखे फिरतात. त्या तीन तासांत पंधरा बिलं झाली तर चांगला दिवस म्हणायचा. सरासरी बिल दोनशे रुपये.

भाचा कॉमर्सला आहे. त्याने सुचवलं की फक्त याच वेळात, बिल देताना गिऱ्हाइकाने दोन फासे टाकायचे. दोन्हीवर सहा आले तर पूर्ण बिल माफ. दुसरी कुठलीही जोडी आली तर एक कोकम सरबत. काहीच नाही आलं तर नेहमीचं बिल. भाव एक रुपयाही वाढवायचा नाही.

मला कल्पना आवडली. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "लक्ष्मीच्या गल्ल्यावर फासे? पांडवांचं काय झालं ठाऊक आहे ने?" आणि पेपर उघडून बसले. त्यानंतर दोन दिवस या विषयावर बोलले नाहीत.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? गिऱ्हाईक टिकतं का त्याने? आणि कायद्याचं काय?

मांडवीची_मंजू · रविवार, रात्री १०:३१

मी येईन. दोन सहा पडेपर्यंत रोज येईन.

तरी_वेगळी_द्या · रविवार, रात्री १०:४८

बाळ, मनापासून सांगतो, नको. बडोद्यात सेव-उसळीच्या गाड्यांपुढे लोक पावसात छत्री धरून उभे राहतात ते फाशांसाठी नाही. तरी जळजळीत असावी, पण घशाला लागू नये, सेव जाड आणि ताजी असावी, वर कांद्याची पात. दुपारी लोक येत नाहीत कारण त्या वेळी बडोद्याला झोप येते. झोपलेल्या माणसाला फासे दाखवून काय होणार?

गणिताच्या_बाई · रविवार, रात्री ११:१५

आधी हिशेब करू, मग मतं मांडू.

दोन फाशांवर दोन्ही सहा येण्याची शक्यता ३६ मध्ये १. बाकीच्या पाच जोड्यांची ३६ मध्ये ५. रोज १५ बिलं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३९० बिलं. त्यातली साधारण ११ माफ होतील. २०० रुपयांच्या हिशेबाने २,२०० रुपयांच्या आत. शिवाय ५४ ग्लास कोकम. हेच तुम्ही सगळ्यांना सरसकट १० टक्के सूट दिलीत तर महिन्याला ७,८०० रुपये जातील. माफ झालेल्या बिलात तुमचा खरा खर्च फक्त मालाचा, म्हणजे तो आणखी कमी. पैशाच्या बाजूने फासे स्वस्त आहेत.

आता दुसरी बाजू. १५ बिलांच्या दुपारी एकही बिल माफ न होण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. म्हणजे तीन दिवसांतले दोन दिवस कुणालाच काही लागणार नाही, आणि लोक म्हणतील, "इथे लागतच नाही." उलट महिन्यात एक-दोन दुपारी दोन किंवा जास्त बिलं माफ होतील. त्यातलं एक गरब्याच्या सरावाहून आलेल्या बारा मुलींचं १,८०० रुपयांचं असलं तर? वरची मर्यादा आधीच पाटीवर लिहा, ३०० किंवा ४०० रुपये. फासे पडल्यावर नियम सांगितलात तर भांडण होईल.

खारीवावचा_बाळ · रविवार, रात्री ११:२२

बाई, मर्यादेचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. ६५ टक्के वाचून मात्र पोटात गोळा आला.

सूरसागरचा_कट्टा · सोमवार, सकाळी ७:०५

धागा वाचून मला आमच्या शाळेबाहेरचं सोरट आठवलं. साल १९७८-७९. एक म्हातारबाबा पुठ्ठा घेऊन बसायचे. पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधलेल्या वस्तू, प्रत्येकीला नंबर. शिट्टी, कंगवा, भिंग, प्लॅस्टिकचं घड्याळ, आणि सगळ्यात वर लाल रंगाची बॅट. दहा पैसे दिले की घडी घातलेली चिठ्ठी फाडायला मिळायची. मला चार वर्षांत सात कंगवे लागले. आईने शेवटी त्यातले दोन शेजाऱ्यांना वाटून टाकले.

बॅट कुणालाच लागली नाही. उन्हात राहून तिचा लाल रंग गुलाबी झाला, मग पांढरट. मोठेपणी कळलं की त्या नंबरची चिठ्ठी पुठ्ठ्यात नव्हतीच. त्या म्हाताऱ्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर होतं. पण आजही "स्क्रॅच करा आणि जिंका" दिसलं की मला ती विटलेली बॅट दिसते.

म्हणून बाळ, करायचंच असेल तर फासेच बरे. फासे सगळ्यांसमोर पडतात, त्यात लपवायला जागा नाही. कार्डं, चिठ्ठ्या, मोबाइलवर फिरणारं चक्र यातलं काही नको.

टोरंटोत_पोळी · सोमवार, सकाळी ७:४०

मूळची दांडियाबाजारची, आता एकवीस वर्षं कॅनडात. इथल्या टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांचा असाच खेळ १९८६ पासून चालत आलाय. कागदी कपाची कड अंगठ्याने उलगडायची, खाली लिहिलेलं असतं काही लागलं की नाही. बक्षिसं बहुतेक कॉफी आणि डोनट, क्वचित गाडी. फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत ऑफिसात प्रत्येक जण कप दातांनी सोलत असायचा. अनोळखी माणसंही एकमेकांना विचारायची, "लागलं का?" मी इथे नवी होते, कुणाशी काय बोलावं कळायचं नाही. त्या कपाने माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी करून दिल्या. २०२० पासून बराचसा खेळ ॲपवर गेला. ॲपवर बोट सरकवताना बाजूच्याशी कोण बोलतं?

अजून एक गंमत. इथे नुसत्या नशिबावर बक्षीस देणं कायद्याला खुपतं, म्हणून मोठ्या बक्षिसाआधी विजेत्याला एक गणित सोडवावं लागतं. बेरीज, गुणाकार, भागाकार असं छोटंसं. बरोबर आलं तरच बक्षीस. गणिताच्या बाईंनी इथे यावं, आमच्या शेजाऱ्यांना शिकवणी हवी आहे.

गणिताच्या_बाई · सोमवार, सकाळी ८:०२

ताई, तिकीट पाठवा, येते.

न्यायमंदिराच्या_पायऱ्या · सोमवार, दुपारी १:३०

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं बोलतो. दोन कायदे वेगळे ठेवा.

पहिला जुगाराचा. गुजरातेत अजूनही १८८७चा जुगारबंदी कायदा लागू आहे. जुगार म्हणायला ढोबळमानाने तीन गोष्टी लागतात. पैसे लावणं, नशीब, आणि जिंकण्याची वस्तू. तुमच्याकडे गिऱ्हाईक फाशांसाठी पैसे देत नाही, खाल्ल्याचे देतो, आणि भाव तेच आहेत. इथे तुमची बाजू बरी आहे. पण उद्या कुणी "वीस रुपये जास्त द्या, दोनदा टाका" असं सुरू केलं की ती गेली.

दुसरा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. याकडे कुणी बघत नाही. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. त्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ यांचाही समावेश आहे, नियमांनी सूट दिलेले सोडून. म्हणजे "आम्ही कौशल्याचा खेळ ठेवतो" म्हणूनही सुटका नाही. शेजारच्याच उपकलमात आहे की फुकट म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत प्रत्यक्षात भावात धरलेली असेल तर तेही गैर, आणि योजनेचा निकाल सहभागी झालेल्यांपासून लपवणंही गैर.

आठ टेबलांच्या दुकानावर कुणी उद्या केस करेल असं मी म्हणत नाही. पण पाटी लावून जाहिरात करणार असाल तर हे कलम वाचूनच लावा. मी तुमच्या जागी असतो तर असं काही शोधलं असतं ज्यात प्रत्येकाला ठरलेलं मिळतं आणि "कुणाला लागेल" हा प्रश्नच येत नाही.

मद्रासी_मराठे · सोमवार, दुपारी २:१०

वकीलसाहेबांच्या बोलण्याला जोड. मी चेन्नईत असतो. पैसे पाठवायच्या ॲपवर तुम्हाला जी स्क्रॅच कार्डं मिळतात त्यांच्या अटींमध्ये तमिळनाडू वगळलेलं असायचं, कारण इथे १९७९चा बक्षीस योजनांवर बंदी घालणारा वेगळा कायदा आहे. बडोद्याच्या भावाला ५१ रुपये लागायचे, मला फक्त "पेमेंट झालं".

जीएसटीवाला_जावई · सोमवार, दुपारी ३:५५

सरकारने स्वतः हॉटेलच्या बिलावर सोडत काढली होती हे विसरलात का सगळे? "मेरा बिल मेरा अधिकार". १ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, आणि निवडक राज्यांत आपलं गुजरातही होतं. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाचं किमान २०० रुपयांचं बिल ॲपवर चढवायचं, महिन्याला जास्तीत जास्त २५. दर महिन्याला ८०० जणांना १०,००० रुपये, दहा जणांना १० लाख, आणि तीन महिन्यांनी दोघांना १ कोटी.

माझ्या अशिलांमध्ये चार हॉटेलवाले आहेत. त्यांनी सांगितलं की पहिले दोन-तीन महिने लोक बिल मागायला लागले, जे आधी कधीच मागत नव्हते. माझ्या सासूबाईंनी भाजीवाल्याकडेही मागितलं. तैवानमध्ये हाच प्रकार १९५१ पासून चालू आहे, तिथे पावतीवरच नंबर छापलेला असतो आणि लोक पावत्या जपून ठेवतात. म्हणजे नशिबाची ओढ चांगल्या कामाला जुंपता येते. मला त्यात पाप दिसत नाही.

मांडवीची_मंजू · सोमवार, दुपारी ४:०३

मी त्यात बरीच बिलं चढवली. काही लागलं नाही. पण बिल मागायची सवय लागली ती आजही आहे.

कॅफे_बंद_केलेला · सोमवार, रात्री ९:४५

मी प्रत्यक्ष केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अलकापुरीच्या बाजूला माझा कॅफे होता. काउंटरवर लाकडी चक्र लावलं, बारा भाग. एका भागात बिल माफ, एकात अर्धं बिल, दोनांत ब्राउनी, दोनांत कॉफी, आणि उरलेल्या सहा भागांत "पुन्हा प्रयत्न करा". पहिले तीन आठवडे स्वर्ग होता. कॉलेजची मुलं रांगा लावायची, व्हिडिओ काढायची. मी दोन मुलं जास्तीची कामाला ठेवली.

चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की निम्मी माणसं दारातून बाहेर पडताना हिरमुसलेली असतात. कॉफी चांगली झाली होती, सँडविच आवडलं होतं, पण शेवटची आठवण काय, तर चक्राने तोंड फिरवलं. मी स्वतःच पैसे खर्चून माझ्या गिऱ्हाइकाला निरोप देताना "हरलास" असं सांगत होतो! हे कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

मग त्या सहा भागांत काहीतरी टाकलं. एक कुकी, लिंबूसोडा, पुढच्या वेळी वीस रुपये कमी. फरक पडला. पण तोवर दुसरंच निघालं. काउंटरवरचा मुलगा चक्र थांबताना बोटाने हलकेच अडवायचा, मित्र आले की बिल माफ. मला सहा आठवडे कळलं नाही. त्याला काढलं तेव्हा तो रडला, म्हणाला, "सर, सगळे हसत होते म्हणून केलं." चांगला मुलगा होता. चक्र नसतं तर आजही माझ्याकडे असता.

कॅफे बंद पडला तो भाड्यामुळे, चक्रामुळे नाही. पण पुन्हा दुकान काढलं तर चक्र लावणार नाही.

हिशेबी_हरी · सोमवार, रात्री १०:३०

वरच्या दादांचा अनुभव जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीलाही आलाय. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत १९८७ साली मोनोपॉली खेळ सुरू केला, कपावर आणि फ्राइजच्या डब्यावर चिकटवलेले तुकडे गोळा करायचे. तो चालवणाऱ्या मार्केटिंग कंपनीत सुरक्षेची जबाबदारी ज्या माणसावर होती त्यानेच १९८९ पासून मोठ्या बक्षिसांचे तुकडे चोरून ओळखीपाळखीच्यांना विकले. एफबीआयने अटका केल्या २००१ च्या ऑगस्टमध्ये. तोवर २ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपासची बक्षिसं गेली होती. इतकी वर्षं करोडो लोक बर्गर घेऊन तुकडे सोलत होते, आणि मोठं बक्षीस त्यांच्यासाठी नव्हतंच. सूरसागरच्या काकांची बॅट हीच.

त्याच कंपनीचा आधीचा एक किस्सा हिशेबाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला त्यांनी कार्डं वाटली. कार्डावरच्या खेळात अमेरिकेला सुवर्ण मिळालं तर बिग मॅक फुकट, रौप्यला फ्राइज, कांस्यला कोक. अंदाज आधीच्या ऑलिंपिकवरून बांधलेला, १९७६ मध्ये अमेरिकेला ३४ सुवर्णपदकं होती. मग सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांनी बहिष्कार घातला, आणि अमेरिकेने ८३ सुवर्णपदकं उचलली.

आणि पेप्सीचं फिलिपीन्समधलं १९९२ चं प्रकरण तर भीषण. झाकणाच्या आत नंबर, ३४९ ला दहा लाख पेसो. दोनच झाकणं असायची होती, छापली गेली आठ लाखांच्या घरात. गरीब माणसं झाकण मुठीत धरून रांगेत उभी राहिली आणि त्यांना सांगण्यात आलं की चूक झाली. दंगली झाल्या, ट्रक जाळले गेले, माणसं मेली.

फाशांत छपाईची चूक नसते, एवढं मात्र खरं.

इंदूरी_जिरावन · मंगळवार, सकाळी ९:१०

आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री दहीवडेवाला वड्याचा द्रोण हवेत उडवतो आणि दही न सांडता झेलतो. लोक पन्नास फोटो काढतात आणि मग वडा खातात. लागलं-नाही-लागलं असं काही नाही, प्रत्येकाला तोच खेळ बघायला मिळतो. बाळभाऊ, हाताची करामत दाखवा, नशिबाची नको.

(आणि सेव मात्र आमच्याकडूनच मागवा.)

तरी_वेगळी_द्या · मंगळवार, सकाळी ९:१८

सेव आमची आमच्याकडे आहे, धन्यवाद. पोह्यावर घालायची सेव आणि उसळीत भिजूनही कुरकुरीत राहायची सेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंदूरी_जिरावन · मंगळवार, सकाळी ९:२५

एकदा इंदूरला या, मग बोलू.

गणिताच्या_बाई · मंगळवार, सकाळी ९:४०

सेवेचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या. बाळला निर्णय घ्यायचाय.

मानसशास्त्र_द्वितीय_वर्ष · मंगळवार, दुपारी १२:२०

माझा अभ्यासाचा विषय आहे म्हणून लिहिते. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दर ठरावीक टोचांनंतर दाणा दिला तर कबुतर दाणा खाऊन थोडं थांबतं. कधी येईल ते ठाऊक नसलं तर ते न थांबता टोचत राहतं. २०१७ साली मॅनेजमेंट सायन्स नियतकालिकात एक निबंध आला होता. सरासरी फायदा सारखाच असेल तर लोकांना ठरलेल्या सवलतीपेक्षा "कदाचित सगळं फुकट" हा पर्याय जास्त ओढतो, असं त्यात दाखवलंय. म्हणजे भाच्याची कल्पना चालेल. पण ती चालते तिची कारणं वाचल्यावर मला प्रश्न पडतो की आपल्या गिऱ्हाइकाला आपण तसं टोचत ठेवावं का.

जपानची_जाऊ · मंगळवार, दुपारी १:०५

इथल्या कुरा सुशी या हॉटेलांत टेबलालाच एक फट असते. रिकाम्या बशा त्यात टाकायच्या, पाच बशा झाल्या की पडद्यावर छोटा खेळ, जिंकलात तर वरून प्लॅस्टिकच्या गोळ्यात खेळणं. मुलं चौथ्या बशीनंतर पाचवी मागतातच. माझा धाकटा पोट दुखेपर्यंत खायचा. शेवटी मीच त्याच्या वाटच्या दोन बशा खायला लागले.

श्रावणातली_आई · मंगळवार, रात्री ११:५०

खूप विचार करून लिहितेय.

आमच्याकडे सातम-आठमला पत्ते बसतात हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. गोकुळाष्टमीच्या निमित्ताने घरोघरी तीन पत्ती, "वर्षातून एकदाच तर आहे." माझ्या नवऱ्याचं वर्षातून एकदाचं कधी महिन्यातून एकदाचं झालं मला कळलं नाही. सोन्याच्या चार बांगड्या, नंतर स्कूटर, नंतर मुलीच्या शाळेची फी. आज तो बरा आहे, सहा वर्षं हात लावलेला नाही. पण एखाद्या लग्नात मुलं हाउजी खेळायला बसली तरी तो उठून बाहेर जातो. मी मागे जात नाही, त्याला एकटं राहू देते.

बाळदादा, तुमच्या दुकानात दुपारी तो उसळ खायला येत असेल आणि गल्ल्यावर तुम्ही हसून म्हणालात, "टाका काका, तुमच्या नशिबाचं बघू," तर? तुमचं काही चुकलेलं नसेल. तरी त्याला तो हात मागे घ्यायला किती जोर लागेल, ते मला ठाऊक आहे.

खारीवावचा_बाळ · बुधवार, सकाळी ६:३०

ताई, तुमचं लिहिणं रात्री वाचलं आणि सकाळी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग जे बोलले ते मला अडतीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, मी लहान असताना बडोदं सोडून गेले एवढंच आम्हाला सांगितलेलं. नवापुऱ्यातलं घर दोन भावांचं होतं. काकांनी आपला हिस्सा एका श्रावणात पत्त्यांवर लावला. बाबांनी उरलेला हिस्सा विकून त्यांचं देणं फेडलं आणि भाड्याच्या खोलीत आले. दुकान त्यानंतर अकरा वर्षांनी. पांडवांचं नाव घेऊन ते काकांबद्दल बोलत होते, आणि मी त्यांना जुन्या विचारांचे समजत होतो.

फासे रद्द. पण दुपारचं काय करायचं हा प्रश्न आहे तिथेच आहे.

सूरसागरचा_कट्टा · बुधवार, सकाळी ८:१५

बाबांना माझा नमस्कार सांग.

दांडियाबाजारची_सून · बुधवार, सकाळी १०:०५

पाणीपुरीवाला शेवटी सुकी मसाला पुरी देतो. ती सगळ्यांना मिळते, तरी प्रत्येक जण हात पुढे करून मागतो आणि मिळाल्यावर खूश होतो. नशीब लागत नाही त्याला. तुमची सुकी पुरी कोणती ते शोधा.

टोरंटोत_पोळी · बुधवार, संध्याकाळी ६:२०

मी कॅनडाच्या गणिताचं गमतीने लिहिलं होतं, पण आता खरंच वाटतं. बक्षिसात नशीब नको असेल तर प्रश्नात ठेवा.

न्यायमंदिराच्या_पायऱ्या · बुधवार, रात्री ८:४०

ताईंचं म्हणणं मला आवडलं. प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकाला तेच ठरलेलं मिळत असेल, कुणी जिंकत-हरत नसेल आणि बिलात फरक पडत नसेल, तर ते गिऱ्हाइकाला दिलेलं साधं सरबत आहे.

खारीवावचा_बाळ · पुढचा मंगळवार, रात्री १०:१०

काय झालं ते सांगायला आलोय.

टोरंटोच्या ताईंचं वाक्य बाबांना सांगितलं. ते आत गेले आणि पितळेचा जुना डबा घेऊन आले, आजीचा, सुपारीचा. कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि स्वतःच्या अक्षरात एकेकीवर एकेक पाढा लिहिला. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे. मुलांसाठी दोन ते दहा. तीन ते सहा या वेळात आलेल्याने चिठ्ठी काढायची, जो पाढा येईल तो दहापर्यंत म्हणायचा. म्हणणाऱ्याला कोकम सरबत. अडला तर बाबा पुढचं सांगतात, तरी सरबत मिळतंच. नाही काढायची चिठ्ठी, तर कुणी आग्रह करत नाही. पाटी लावलेली नाही. डबा फक्त गल्ल्यावर ठेवलाय.

शुक्रवारी सुरू केलं. पहिल्या दिवशी चार जणांनी काढली. शनिवारी एक गुजराती काका आले, त्यांना औटकी आली. म्हणाले, "अरे, आमच्यात याला ऊंठां म्हणतात!" आणि उभं राहून घडिया म्हणायला लागले. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. बाबा मराठीत, ते गुजरातीत, दोघांचा सूर एक. दोन टेबलांवरची कॉलेजची मुलं जेवण थांबवून ऐकत होती. एकीने विचारलं, "हे कॅल्क्युलेटरशिवाय?"

काल एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातवाला सहाचा आला, तो बेचाळीसवर अडला. आजींना पाउणकी आली. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन... डोळे मिटून, न थांबता साडेसातपर्यंत. मग म्हणाल्या, "लग्नानंतर आज पहिल्यांदा म्हटला."

बिलं सांगतो, कारण बाई विचारणारच. शुक्रवारी १३, शनिवारी १९, रविवारी २४, काल १७, आज १८. पाच दिवसांवरून काही ठरवत नाही. कोकम साधारण रोज नऊ-दहा ग्लास जातं. फाशांच्या महिन्याभराच्या हिशेबापेक्षा जास्तच जाईल, पण बाबा म्हणतात जाऊ दे.

भाचा आधी रुसला होता. आता तोच चिठ्ठ्या घडी घालून देतो, आणि त्याला दिडकी पाठ झाली आहे.

गणिताच्या_बाई · मंगळवार, रात्री १०:२४

दिवसाला सरासरी १८.२ बिलं. पूर्वीच्या चांगल्या दिवसापेक्षा तीन जास्त. सुट्टीचे दोन दिवस वगळले तर १६. अजून तीन आठवडे वहीत लिहून ठेवा, वाराप्रमाणे. मी गुरुवारी येतेय, चाळीस मुलांना घेऊन नाही, एकटीच.

श्रावणातली_आई · मंगळवार, रात्री १०:५२

आम्ही दोघं शनिवारी येऊ. त्यांना निमकी चांगली येते.

तरी_वेगळी_द्या · मंगळवार, रात्री ११:०१

बाळ, रविवारी नाव न सांगता येऊन गेलो. चिठ्ठीत सवायकी आली, सहाच्या पुढे अडलो, बाबांनी सांभाळून घेतलं. तरीला थोडा लसूण वाढव. बाकी उसळ झकास.

खारीवावचा_बाळ · मंगळवार, रात्री ११:०६

तुम्ही होतात ते? निळ्या शर्टातले? बाबा तेव्हापासून विचारतायत, "तो सवायकीवाला परत आला का?" लसणाचं सांगतो त्यांना.